खारशेतच्या भरतीचं पान

जनार्दन मयेकरांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस बुधवार होता, आणि त्या दिवशी त्यांच्या अंदाजात अकरा मिनिटांची चूक निघाली.

चूक निघाली की मास्तर खूश व्हायचे. खारशेतच्या धक्क्याला त्यांनी चोवीस वर्षांपूर्वी एक सागवानी खुंटा रोवला होता, त्यावर दर दोन इंचांवर पांढरी रेघ. छापील वेळापत्रकात भरतीची वेळ असते ती मोठ्या बंदराची. खारशेतच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, आणि त्याला वळसा घालून पाणी आत यायला कधी पंधरा मिनिटं जास्त लागतात, कधी चाळीस. पंधरा की चाळीस हे ज्याला कळलं, त्याची होडी सुखरूप आत येते. ज्याला कळलं नाही, त्याची वाळूत रुतते आणि मागची लाट तिला आडवी करते. म्हणून मास्तर आदल्या दिवशी अंदाज लिहायचे, दुसऱ्या दिवशी खुंट्यापाशी उभं राहून पाणी नेमकं केव्हा वळलं ते बघायचे, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. उजेडात येणारी एक भरती, एक ओहोटी. अंदाज चुकला तरी तो पुसायचा नाही, असा त्यांचा नेम होता. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि रेघेखालचा आकडा वाचता येईल असा ठेवायचा.

दुसरा नेम असा, की कुठलीही नोंद आधी तोंडाने म्हणायची आणि मगच लिहायची. "लिहिताना हात खोटं बोलून जातो," ते म्हणायचे, "जीभ अडखळते." त्यामुळे रोज धक्क्यावर ते एकटेच मोठ्याने आकडे म्हणत, आणि होडी धुणारे महादू तोडणकर, ऐकू आलं आहे हे कळावं म्हणून, तेच आकडे परत म्हणत.

या नोंदींसाठी त्यांनी इंटरनेटवर एक पान केलं होतं. तंत्रनिकेतनात संगणक शिकवत असताना, एकेक ओळ हाताने लिहून. पांढऱ्यावर निळी अक्षरं, ना चित्र ना जाहिरात, तळाशी भेटी मोजणारा काउंटर. ते पान चालायचं त्यांच्या घरातल्या फडताळातल्या जुन्या संगणकावरून.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला लेकीला फोन केला.

"केतके, काउंटरला आज दहावं घर जोडलं. नऊ पुरेनात."

केतकी तेव्हा कचेरीतून निघायच्या बेतात होती. "हो का?" ती म्हणाली.

"शंभर कोटींच्या वर गेला. पहिल्या एकवीस वर्षांत चाळीस हजार झाले होते, आणि गेल्या तीनात हे. कोण येतंय गं एवढं?"

तिने पिशवीची चेन उगाच उघडून परत लावली. "लोक वाचत असतील, बाबा."

"असतील," मास्तर म्हणाले. थोडा वेळ फोनमधून फक्त पंख्याचा आवाज आला. "तुझ्या कंपनीत अजून कोणाला कोड वाचता येतो का, की सगळे नुसते लिलावच पुकारतात?"

"तिघांना येतो."

"तिघं? मग कोरम आहे." ते स्वतःशीच हसले. "जेवून घे वेळेवर. आज अकरा मिनिटांनी चुकलो बघ. अमावास्येचं उधाण, बांध सरकलेला दिसतोय. उद्या बघू."

गुरुवारी सकाळी सव्वासातला महादूकाकांचा फोन आला.

"केतके, मास्तर ओहोटीला आले नाहीत गो. मी घरात जाऊन आलो. तू निघ. घाई करू नको, पण निघ."

घाट उतरताना केतकीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. दुःख अजून यायचं होतं. फिरत होते ते तीन शब्द: लोक वाचत असतील.

कारण लोक वाचत नव्हते, आणि ते तिला जगात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

ती दहा वर्षांची असताना बाबांनी तिला एक जादू दाखवली होती. कुठल्याही पानावर माऊसचं उजवं बटण दाबायचं, 'सोर्स' म्हणायचं, आणि त्या पानाचं पोट उघडायचं. आत ते ज्या शब्दांनी बांधलं ते सगळं उघड्यावर. त्यातच मधूनमधून करणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा असत. त्या पानावर दिसत नसत, पण ज्याला आत डोकवायची सवय आहे त्याला सापडत. परक्या माणसाच्या घरात शिरावं आणि त्याने भिंतीवर खडूने केलेली आकडेमोड दिसावी, तसं तिला वाटलं होतं. त्या जादूपायीच ती वेब डेव्हलपर झाली. पहिली पाच-सहा वर्षं तिने पानं केली, आणि मग पान ही वस्तूच राहिली नाही.

झालं ते हळूहळू झालं, आणि धंद्याच्या वाटेने झालं. आधी पानाच्या कडेची जागा विकली गेली, मग पानाचा माथा, मग शोधल्यावर कोण आधी दिसणार तो क्रम. शेवटी प्रांगण नावाच्या कंपनीने एक यंत्र काढलं, त्याला सगळे मांडणी म्हणत. तुम्ही काहीही विचारा, 'गुडघा दुखतो' किंवा 'उद्या पाऊस आहे का'. त्या क्षणी तुमच्यासाठी एक बाजार भरायचा. पहिलं वाक्य कोणाचं, फोटो कुठला, सूर काळजीचा की उत्साहाचा, प्रत्येक तुकड्यावर हजारो दुकानं, दवाखाने, कारखाने बोली लावायचे. लिलाव व्हायचा, बाजार उठायचा, आणि जिंकलेल्या तुकड्यांचं एक नितळ पान तुमच्यासमोर यायचं. पापणी मिटून उघडायला लागतो त्याच्या निम्म्या वेळात. ते पान आधी कुठे नव्हतं, आणि तुम्ही नजर हलवली की परत कुठे नसायचं. त्याचं पोट उघडता येत नसे, कारण त्याला पोटच नव्हतं.

पहिल्यांदा ते चालताना केतकीने पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. माणसाने समुद्राला लाटेगणिक भाव लावला होता, आणि तरी तो समुद्रच दिसत होता.

ती प्रांगणात लागली. पानं करणारे बाकीचे चाळीस जण एकेक करून बोलीचे नियम लिहायला लागले, तीही लागली. तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे एक नियम आला. जगात अब्जावधी जुनी पानं पडून होती. मांडणी ती प्रत्येक वेळी चाळायची आणि वीज जळायची. तर जे पान वर्षभर काही विकत नाही, बोलीत उतरत नाही, ते माणसांना दाखवायचं नाही. पुसायचं नाही, नुसतं झोपवायचं. केतकीने नियम लिहिला, आणि तपासून पाहायला शंभर पानांची यादी काढली. त्र्याहत्तरावं पान खारशेतच्या भरतीचं होतं.

अपवादाची एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. तिने यादी दोनदा वाचली, आणि वडिलांसाठी नियम वाकवणं बरं दिसणार नाही असं स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की शुक्रवार होता, आणि अपवाद घातला तर सगळं नव्याने तपासावं लागलं असतं. बाबांच्या घरच्या संगणकावर पान दिसतच राहणार होतं. त्यांना कळणार नव्हतं.

मग महिन्याभरात काउंटर पळायला लागला, आणि बाबा दर आठवड्याला फोनवर आकडा सांगायला लागले. कुठलीतरी भटकी यंत्रं पानावर आदळत असतील, कचरा असेल, असं तिने धरलं. सांगितलं मात्र नाही.

अंत्यविधी दुपारी झाला. दिवस घालू नका, असं मास्तरांनी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे शनिवारी पाहुणे पांगले. भर उन्हाची वेळ होती. केतकीने फडताळ उघडलं आणि बाबांच्या खुर्चीवर बसली.

पान होतं तसंच होतं. शेवटची नोंद बुधवारची, त्यात ११:४१ वर आडवी रेघ, शेजारी ११:५२. त्याखाली गुरुवारचा अंदाज, आणि त्याच्या शेजारचं घर रिकामं.

आणि तळाशी काउंटर. शेवटचे दोन आकडे वाचताच येत नव्हते, इतके भराभर बदलत होते. ती बघत राहिली. सेकंदाला दहा, कधी वीस. घरात कोणी नव्हतं, खाडीवर दुपारची सामसूम होती, आणि त्या जुन्या डब्यातून जणू मोठी जत्रा चालली होती.

कोण येतंय गं एवढं?

येणाऱ्याची खूण संगणक टिपून ठेवतो. तिने ती यादी उघडली. एक ओळ वाचली, मग दहा, मग हजार. सगळ्या ओळींत एकच पत्ता होता, आणि तो तिला पाठ होता. तो प्रांगणचा होता. येत होती ती मांडणी.

तिने शार्दूल कुलथेला फोन लावला. कोड वाचता येणाऱ्या तिघांतला हा दुसरा. यंत्राची उत्तरं कुठे घसरतात ते मोजणं हे त्याचं काम.

"मी तुलाच फोन करणार होतो," शार्दूल म्हणाला. "वडिलांचं कळलं. बोलवेना म्हणून राहिलो."

"शार्दूल, मांडणी आमच्या घरी का येते?"

त्याने उलट विचारलं, "म्हणजे ते पान तुझ्या वडिलांचं आहे? खारशेत?"

"तुला कसं माहीत?"

"गुरुवार दुपारपासून मी त्याच पानाकडे बघतोय. थांब, तुला नकाशा पाठवतो."

नकाशा काळा होता आणि त्यावर ठिपके होते. शार्दूल सावकाश सांगत गेला, आणि केतकीने अनेक वर्षांत कोणाचं इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मांडणीची उत्तरं खोटी ठरली की गिऱ्हाईक तक्रार करतं, आणि तेवढी यंत्राला आतून शिक्षा होते; त्यातून ते शिकतं. पण शिकायचं कशावरून? जगातलं जवळपास प्रत्येक वाक्य कोणीतरी काहीतरी विकायला लिहिलेलं. आणि त्यातली बहुतेक आता मांडणीनेच लिहिलेली, तीच फिरून तिच्याकडे येणारी. विहिरीत ओरडावं आणि आपलाच आवाज ऐकून आपल्याला साक्षीदार मिळाला असं समजावं, तशी गत. तेव्हा यंत्राने, कोणीही न सांगता, असा शब्द शोधायला सुरुवात केली जो जगाला टेकलेला आहे. आधी कोणीतरी काहीतरी म्हटलं, मग जाऊन पाहिलं, मग जुळलं की नाही ते लिहिलं, आणि जुळलं नाही तेव्हा लपवलं नाही.

"अब्जावधी पानांत त्याला अशी किती मिळाली असतील? सांग."

"तूच सांग."

"चारशे बारा."

तिने एकेक ठिपका उघडून पाहिला. उत्तरेकडच्या एका बेटावरची बाई अंगणातल्या पहिल्या हिवाची तारीख लिहीत होती, चाळीस वर्षं. आंदीज पर्वतातला एक मेंढपाळ बर्फाची कड घरापासून किती पावलांवर आहे ते वर्षातून एकदा चालून मोजत होता. गडचिरोलीची निवृत्त परिचारिका चावलेला साप आधी कुठला वाटला आणि नंतर कुठला निघाला, याची यादी ठेवत होती. माढ्याजवळचा कोणी एक जण कडुनिंबाचा मोहोर. यातल्या एकालाही काही विकायचं नव्हतं. सगळी पानं झोपवलेली होती. माणसांना त्यातलं एकही दिसत नव्हतं.

"यातून ते माहिती घेत नाही," शार्दूल म्हणाला. "सोलापूरच्या माणसाला खारशेतच्या भरतीचं काय? ते घेतं खात्री. एखादी गोष्ट ठाम म्हणावी की 'बहुतेक' म्हणावी, हे कळायला कसोटी लागते. रेघ मारलेला आकडा दिसला की त्याला कळतं, खरं बोलणारा माणूस किती वेळा चुकतो. 'डॉक्टरला विचारा' हे वाक्य कधी लिहायचं आणि कधी नाही, हे ते तुझ्या वडिलांच्या रेघांवरून शिकलंय, केतकी. सतरा हजारांवर नोंदी, एकही पुसलेली नाही. चारशे बारांत सगळ्यांत भरगच्च नोंदवही हीच. बाकीची पानं ते हिच्याशी ताडून बघतं."

केतकीने मान वर केली. फडताळात तो डबा घरघरत होता. जगभर त्या क्षणी भरणारे आणि उठणारे कोट्यवधी बाजार, त्यांची सगळी चकचकीत पानं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, खाडीतल्या चिखलात रोवलेला एक सागवानी खुंटा.

"गुरुवारपासून नवी नोंद नाही," शार्दूल म्हणाला. "पूर्वी ते सेकंदाला दहादा यायचं, आता वीस. शोधतंय."

मंगळवारी शार्दूलचा परत फोन आला, आणि या वेळी आवाज कचेरीतला होता.

"घसरण दिसायला लागलीये. अजून केसाएवढी, पण दिसतेय. वरून एक प्रस्ताव आहे. पान तुमच्या घरातून चालतं, तू वारस, तेव्हा तुझी परवानगी लागेल. मांडणीकडे तुझ्या वडिलांची चोवीस वर्षं आहेत. ती पुढच्या नोंदी स्वतः लिहील. त्यांच्याच पद्धतीने. पान कायम राहील, त्यांच्या नावाने. नमुना पाठवलाय. बघ."

तिने नमुना उघडला. रिकामे पाच दिवस भरलेले होते. भरती, ओहोटी, अंदाज, खरी वेळ. मास्तर कधीमधी नोंदीपुढे एखादी ओळ लिहीत, तीही होती. 'शनिवार: पाणी गढूळ, वर कुठे पाऊस झाला असावा.' आणि सोमवारी, आडवी रेघ मारलेल्या आकड्यापुढे: 'सहा मिनिटांनी चुकलो. वारा विसरलो.'

केतकीने ती ओळ पुन्हा वाचली. हे बाबाच होते. विसरलो म्हणायची ही ऐट त्यांचीच. हो म्हटलं की ते रोज असेच चुकत राहणार होते. ती पुण्यात बसून रोज वाचू शकणार होती. आणि मग काही सांगायचं राहिलं आहे असं वाटण्याचं कारणही उरलं नसतं.

"हुबेहूब आहे," ती म्हणाली.

"आहे."

"सोमवारी ते गेलेले होते, शार्दूल."

"माहीत आहे."

"चुकायला माणूस जिवंत लागतो."

"तेही माहीत आहे मला. आपलंच घड्याळ बघून आपलंच घड्याळ लावल्यासारखं होणार, हे मी मीटिंगमध्ये बोललो. पण वरच्यांना रिकामी जागा चालत नाही गं. शुक्रवारपर्यंत सांग. नाही म्हणालीस तर मी अडवणार नाही. पण मग तिथे कोणीतरी उभं राहायला हवं, एवढंच."

गुरुवारी सकाळी ती धक्क्यावर गेली. तीन वर्षांत ती खारशेतला पाच-सहा वेळा येऊन गेली होती, पण दरवेळी एका रात्रीपुरती, आणि धक्क्यापर्यंत पाय गेले नव्हते. महादूकाका जाळं पसरून बसले होते. त्यांच्या मागे, बर्फाच्या खोलीच्या भिंतीवर, शाळेतला असतो तसा काळा फळा टांगलेला होता. त्यावर बाबांचं अक्षर. गेल्या गुरुवारचा अंदाज.

"हा फळा कधीचा?"

"तीन वर्षं झाली की." काकांनी सुई दातांतून काढली. "फोनात मास्तरांचं पान दिसेनासं झालं ना, तेव्हाचा. आम्ही विचारायचो भरती कधी, तर फोन सांगायचा सकाळी दहा ही नौकाविहाराला उत्तम वेळ, आणि खाली कुठल्या तरी हॉटेलचा फोटो. आमच्या बाळूची होडी त्या दहाच्या नादात बांधावर बसली. माणूस वाचला, इंजिन गेलं. मग मास्तरांनी हा फळा आणून लावला. म्हणाले, तोडणकर, आता परत खडूवर आलो."

"बाबांना माहीत होतं? की पान कोणाला दिसत नाही?"

"आता काय म्हणू तुला? ते मास्तर. त्यांना कळणार नाही तर काय मला कळणार?" काका तिच्याकडे बघत राहिले. "तुला बोलले नाहीत कधी?"

ती घरी आली. फडताळ उघडलं, उजवं बटण दाबलं, सोर्स म्हटलं. तीस वर्षांच्या सवयीचं काम, पण बाबांच्या पानावर तिने ते शाळा सोडल्यापासून केलं नव्हतं. चोवीस वर्षांच्या नोंदी, आणि त्यांच्या मधे, पानावर न दिसणाऱ्या टिपा. 'खुंट्याला नवा रंग.' 'आज हिची फार आठवण. ओहोटी बरोबर आली.' 'केतकीचा निकाल. अंदाजापेक्षा सात टक्के जास्त. रेघ मारली.' ती उतरत उतरत तीन वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्याशी आली.

'माणसं येणं बंद. प्रांगणने जाहीर केलेला नियम वाचला. लिहिण्याची ढब ओळखीची, दोन ओळींमधली मोकळी जागा मीच शिकवलेली. तिला विचारायचं नाही. आपण होऊन सांगेल. अंदाज: दिवाळीपर्यंत.'

'दिवाळीपर्यंत' वर आडवी रेघ होती. शेजारी: 'मे महिन्यात येईल तेव्हा.' त्यावरही रेघ. मग 'पुढची दिवाळी', रेघ. आणखी दोन, दोन्हींवर रेघ. शेवटची टीप बुधवारची, रात्री नऊची. 'आज विचारलं, कोण येतंय. वाटलं होतं आज. चुकलो. उद्या बघू.'

तिने ते एकदाच वाचलं. पानाच्या तळाशी काउंटर पळतच होता.

शुक्रवारी ती खुंट्यापाशी उभी राहिली तेव्हा ऊन अजून पाण्यावर उतरलं नव्हतं. अंदाज तिने आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहिला होता: ७:१८. बाबांच्या वहीतली रीत वापरून, दोनदा ताळा करून. उधाण ओसरून छोट्या भरतीचं भांग लागलं होतं. पाणी संथ चढत होतं, एकेक पांढरी रेघ गिळत. सात अठरा झाले. पाणी चढतच होतं. सात तीस. तिला वाटलं घड्याळ बघावं, पण नजर हलवता येईना. कोणीही कुठेही बोली लावलेली नव्हती आणि एवढी मोठी खाडी चढत होती. इथून अर्ध्या जगापलीकडे एक यंत्र त्याच क्षणी तिचीच वाट बघत होतं, आणि त्यालाही तिच्यासारखंच थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग रेघेशी अडकलेलं एक गवताचं पातं थबकलं, हललं, आणि समुद्राच्या दिशेने निघालं.

"सात एक्केचाळीस," ती घड्याळ बघून मोठ्याने म्हणाली.

"सात एक्केचाळीस," महादूकाका जाळ्यावरून म्हणाले. "तेवीस मिनिटांनी चुकलीस गो."

"चुकले."

"बापाचा पहिला अंदाज पाऊण तासाने चुकला होता. मी होतो इथेच."

तिने फळ्यावरच्या ७:१८ वर खडूची आडवी रेघ मारली आणि शेजारी खरा आकडा लिहिला. लॅपटॉप मांडीवर घेतला. शार्दूलला 'नाही' एवढंच कळवलं, आणि खाली, 'मी उभी आहे.' मग घरच्या डब्यातलं पान उघडून बुधवारनंतरच्या रिकाम्या घरांमध्ये एकेक करून लिहिलं: नोंद नाही. नोंद करणारा वारला. त्यानंतर शुक्रवारची भरती, रेघेसकट.

अजून एक नोंद राहिली होती. ती तीन वर्षं जुनी होती, आणि तिची जागा पानाच्या पोटात होती, बाबांच्या पाच रेघांच्या खाली. तिने तिथे बोट आणून ठेवलं. पण या पानाचा नेम होता, आधी तोंडाने म्हणायचं.

महादूकाकांनी सुई थांबवली.

केतकी खुंट्याकडे वळली. पाणी आता उघड उघड माघारी चाललं होतं, आणि पहिली ओली रेघ वर आली होती.

"बाबा," ती म्हणाली, आणि जीभ अडखळली, म्हणून तिने परत सुरुवात केली. "बाबा, तुमचं पान मी झोपवलं. यादीत ते मला दिसलं होतं. एक ओळ लिहायची होती, ती मी लिहिली नाही. लोक वाचत असतील असं मी म्हणाले तेव्हा मला माहीत होतं की कोणी वाचत नाही. मी चुकले. आणि तुम्ही विचारत होतात ना कोण येतंय, ते मला आता कळलंय. बसा, सांगते."